अकरा मिलिमीटर

टोनिटाबाईंनी घागर बघण्याआधी डोळे मिटले. मग डावा हात घागरीच्या गळ्यातून आत घातला आणि आतल्या अंगाने बोटं फिरवायला सुरुवात केली. बाहेरून घागरीवर काळ्या रंगात दोन पक्षी होते, पानं होती, गळ्याभोवती एक रेघ होती. त्यातलं त्यांनी अजून काहीच पाहिलं नव्हतं.

"आतून काय कळणार?" विद्वांसकाका मला मराठीत म्हणाले. "चित्रं बाहेर आहेत म्हणावं."

"काका, बघू दे त्यांना."

"बघू दे की. चारपर्यंत काय ते बघू दे. चारला लिलाववाल्यांची गाडी येतेय."

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. सप्टेंबर १९९६, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर. काका नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, नलूकाकूंना जाऊन दोन. आता घर विकून ते पुण्याला परत निघाले होते. दिवाणखान्यात एक टेबल, तीन खुर्च्या आणि ही घागर एवढंच उरलं होतं. बाकीची बावीस भांडी भिंतीशी लावलेल्या खोक्यांत बंद होती.

ती सगळी नलूकाकूंनी जमवलेली. त्या भागातल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या गावांना पुएब्लो म्हणतात. मातीची घरं, आणि मातीचीच रंगवलेली भांडी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अशी भांडी काकूंनी तीस वर्षं शोधून शोधून घेतली. ही घागर त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतली, नऊ तुकड्यांत. ती जुळवून व्हायच्या आत त्या गेल्या. काकांनी तुकडे बुटांच्या खोक्यात घालून माझ्याकडे आणून दिले होते.

मी रसायनशास्त्राची. विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात मातीचे आणि खनिजांचे नमुने तपासायचं काम करत होते. मोडकी भांडी जोडण्याचं दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मी एका संग्रहालयात घेतलं होतं. डिंक आणि द्रावकं मला चांगली माहीत होती. चार महिन्यांचे शनिवार घालवून मी घागर उभी केली. सांधा कुठे आहे हे भिंगाशिवाय सापडत नसे. "आमची वैजू पोहेसुद्धा फूटपट्टीने करते," असं काका लोकांना सांगायचे, आणि मला ते आवडायचं.

सांता फेच्या एका लिलावगृहाने काकांना कळवलं होतं, की ही घागर मुखपृष्ठावर घेऊन ते या संग्रहाचा स्वतंत्र कॅटलॉग छापतील. नाव 'नलिनी विद्वांस संग्रह'. घागर नसेल तर बाकीची भांडी इतरांच्या मालात मिसळून विकली जातील. काकांना त्या नावाचं वेड लागलं होतं.

मग घागरीचा फोटो वर्तमानपत्रात आला, आणि त्यापाठोपाठ टोनिटा आबेता या बाईंचं पत्र. त्या सत्तरीच्या होत्या, रिओ ग्रांदे नदीच्या काठच्या एका पुएब्लोमध्ये भांडी करायच्या. (गावाचं नाव लिहू नकोस असं त्यांनी मला पुढे सांगितलं, म्हणून लिहीत नाही.) त्यांना ही घागर आपल्या आजीच्या हातची वाटत होती. आजीची सगळी भांडी त्या काळी रेल्वेच्या फलाटावर प्रवाशांना विकली गेली होती. घरात एक खापरही उरलं नव्हतं.

काकांनी उलट टपाली लिहून टाकलं: येऊन बघा, तुमच्या आजीची असेल तर घेऊन जा.

"असं कसं लिहिलंत?" मी विचारलं होतं.

"अगं, हजारो घागरी विकल्या या बायांनी. नेमकी हिच्या आजीचीच कशी असेल? पण नलूला असं लिहिलेलं आवडलं असतं."

आता टोनिटाबाईंचा हात घागरीत थांबला होता. त्यांनी डोळे उघडले.

"माझी आजी डावखुरी होती," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "बोटांचे खळगे उलटे वळतात. तू हात घालून बघ."

मी हात घातला. चार महिने मी ही घागर आतून-बाहेरून मोजली होती, भिंतीची जाडी बत्तीस ठिकाणी लिहून ठेवली होती. खळगे मलाही लागले होते. ते कुठल्या हाताचे हे मी लिहिलं नव्हतं.

"आणि हा पक्षी." त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते. "याला दोनच बोटं आहेत. बाकीच्या बायका तीन काढायच्या. आजी म्हणायची, तिसरं त्याने मातीत खुपसलंय, किडा शोधतोय."

काका हसले नाहीत. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

टोनिटाबाईंनी चष्मा लावला आणि घागर हळूहळू फिरवायला सुरुवात केली. आता त्या फक्त गळ्यावरची रेघ बघत होत्या. एक पूर्ण फेरा झाला. दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला त्यांनी रेघेवर अंगठा टेकवला आणि तो टेकवूनच घागर फिरवली. तोंडावरचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही.

"ही तिची नाही," त्या म्हणाल्या.

काकांनी श्वास सोडला.

"पण बोटं? पक्षी?" मी विचारलं.

"रेघ बंद आहे."

"म्हणजे?"

"ही रेघ आम्ही पुरी करत नाही. थोडी जागा मोकळी ठेवतो. का ते विचारू नकोस, ते सांगण्यातलं नाही. पण आजीने ती बंद केली नसती. कुणी जीव घेतला असता तरी नसती केली." त्यांनी चष्मा काढला. "बाहेरच्या कुणीतरी तिची नक्कल केली असेल. हात चांगला होता त्याचा."

मी त्या रेघेकडे बघितलं.

"अहो, बसा तरी," काकांचा आवाज एकदम मोकळा झाला. "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. वैजू, चहा टाक गं. आलं घाल. बाईंना कळू दे चहा म्हणजे काय."

स्वयंपाकघरात मी गॅसवर पाणी ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. ती रेघ मी पुरी केली होती.

गळ्याजवळ एक तडा होता. त्यापासून चार मिलिमीटरवर रेघेत खंड पडलेला होता, अकरा मिलिमीटरचा. बाकीची रेघ अखंड. मी तडा बघितला, खंड बघितला आणि वहीत लिहिलं, 'रंगाची झीज, ११ मि.मी.' रेघेची जाडी सव्वातीन मिलिमीटर होती. काळा रंग रेझिनमध्ये कालवून, तीन केसांच्या ब्रशने मी तो खंड एका शनिवारी भरून काढला. त्या संध्याकाळी मला फार समाधान वाटलं होतं.

पण भरण्याआधी मी तो खंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. झिजलेल्या रंगाची कड खरखरीत असते, तुटक असते. इथे दोन्ही टोकं गोल होती, नितळ होती. कुणीतरी ब्रश उचलला होता, आणि अकरा मिलिमीटर सोडून पुन्हा टेकवला होता. हे मला दिसलं होतं. माझ्या अपेक्षेत बसलं नाही म्हणून मी ते वहीत घेतलं नाही.

काका आत आले. कपाटातून कप काढता काढता हळू आवाजात म्हणाले, "सुटलो बुवा. ती हसायला लागली तेव्हा मला वाटलं, गेली घागर."

"काका, ती रेघ मी भरलीय."

"कसली रेघ?"

"गळ्यावरची. तिथे जागा मोकळी होती. मला वाटलं, रंग उडालाय. मी भरली."

त्यांच्या हातातला कप कपाटाच्या फळीवर तसाच राहिला.

"कुणाला बोललीस का?"

"तुम्हालाच, आत्ता."

"मग झालं." त्यांनी कप खाली ठेवला. "मी लिहिलं होतं, तुमची असेल तर न्या. ती म्हणाली, आमची नाही. मी कुठे शब्द मोडला?"

"त्यांनी माझ्यामुळे नाही म्हटलं."

"तिने बघून नाही म्हटलं, वैजू."

"काका, माझ्या दुरुस्तीच्या अहवालात आहे हे. पान तीन. घागरीबरोबर तो अहवाल जाणार."

"जाऊ दे. तो वाचून ती येणार आहे का परत?" मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ. पुण्यात नलूला ओळखणारं आता कोण आहे? तिची बहीण गेली. आमच्या चिरंजीवांना भांडी म्हणजे धूळ. तीस वर्षं ती या वाळवंटात एकटी गाडी काढून हिंडली. लोक मला विचारायचे, बायको कुठेय? मी म्हणायचो, मडकी आणायला गेलीय. थट्टा करायचो तिची. एक पुस्तक छापून येतंय तिच्या नावाचं. एक. तेही तुला तुझ्या अकरा मिलिमीटरसाठी घालवायचंय?"

पाणी उकळायला लागलं. मी गॅस बंद केला.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टोनिटाबाई उठल्या होत्या.

काकांनी माझा दंड धरला नाही. मी दोन पावलं टाकली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वैजयंती." मला ते वैजूच म्हणत, पूर्ण नावाने कधी हाक मारली नव्हती.

टोनिटाबाई दारापाशी पोचल्या होत्या.

"थांबा," मी म्हटलं. "ती रेघ आजीने बंद केलेली नाही. मी केलीय."

त्या वळल्या. माझं बोलणं अर्धवट समजल्यासारखा त्यांचा चेहरा होता. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, वहीत लिहावं तसं: तडा कुठे होता, खंड कुठे होता, मी काय केलं. टोकं गोल होती हेही सांगितलं. हे मी त्याआधी कुणालाच, अगदी स्वतःलाही, सांगितलं नव्हतं.

"काढता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल. माझा रंग ॲसिटोनने निघतो. भाजलेला रंग निघत नाही."

"नक्की?"

"दुसरीकडे आधी तपासून बघते."

अहवालासोबत दुरुस्तीची पिशवी मी आणलीच होती. गाडीवाल्यांसमोर काही निघालं तर असावी म्हणून. मी घागर टेबलाच्या कडेला घेतली, खाली कापड घातलं. काडीला कापूस गुंडाळला, ॲसिटोनमध्ये बुडवून टिपून घेतला आणि आधी गळ्याच्या विरुद्ध बाजूच्या रेघेवर टेकवला. कापूस पांढराच राहिला. तिथला रंग आजीचा होता.

मग दुसरी काडी घेऊन मी माझ्या जागेवर टेकवली, आणि फिरवली. कापूस पांढराच.

तिसऱ्या काडीलाही काही आलं नाही. टोनिटाबाई माझ्या खांद्याशी उभ्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की मी जागा चुकतेय. एवढं बेमालूम काम केलं होतं, की ते माझं मलाच सापडत नव्हतं. मी वही उघडली. तड्यापासून डावीकडे चार मिलिमीटर. मी उजवीकडे घासत होते.

चौथ्या काडीवर काळा डाग आला.

मग मी घाई केली नाही. एका वेळी एक मिलिमीटर. प्रत्येक काडी एकदाच वापरायची, नाहीतर विरघळलेला रंग मातीत जिरतो. मागे काका येऊन उभे राहिल्याचं मला जाणवलं. चौदा काड्या झाल्या तेव्हा रेघ उघडी पडली होती. पिवळसर पांढरी माती, आणि दोन्ही बाजूंना ती गोल टोकं.

मी भिंग टोनिटाबाईंकडे दिलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि त्या मोकळ्या जागेवर करंगळी टेकवली. बराच वेळ.

"तू कधी बंद केलीस ही?"

"अकरा मार्च, १९९५. शनिवार होता."

त्यांनी ओठ हलवून मनाशी काहीतरी मोजलं. कशाशी ताडून पाहिलं ते त्या बोलल्या नाहीत. मला विचारायचा धीर झाला नाही, तेव्हाही आणि नंतरही.

"ही रेमोनसिताची आहे," त्या काकांना म्हणाल्या. "माझ्या आजीची."

काका मराठीत बोलले, माझ्याकडे बघून. "तिने नाही म्हटलं तेव्हाच विषय संपला होता. सांग तिला."

"तुम्ही सांगा. इंग्रजी तुम्हाला येतं."

"काय म्हणाले ते?" टोनिटाबाईंनी मला विचारलं.

तेव्हा दाराची घंटा वाजली. गाडी पंचवीस मिनिटं आधी आली होती. दोन तरुण माणसं एक लाकडी खोका घेऊन आत आली. खोक्यात फोम भरलेला होता आणि मधोमध घागरीच्या आकाराची पोकळी कापलेली होती. मोजमापं मीच पाठवली होती.

"हीच का, सर?" एकाने विचारलं.

काकांनी घागरीच्या काठावर हात ठेवला. टोनिटाबाईंची करंगळी अजून रेघेवर होती. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि टोनिटाबाई माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"ते म्हणाले, तुम्ही नाही म्हटलं तेव्हाच विषय संपला होता," मी सांगितलं.

टोनिटाबाईंनी मान हलवली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी तसं म्हटलं होतं." आणि त्यांनी करंगळी उचलली.

त्या भांडल्या असत्या तर काका कदाचित अडून बसले असते. ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "काय नाव म्हणालात? आजीचं?"

"रेमोनसिता."

"रेमोन्सिका."

"सिता. रेमोनसिता."

"रेमोनसिता," काका म्हणाले. "माझ्या बायकोचं नलिनी."

"नलिनी," टोनिटाबाई म्हणाल्या. त्यांना ते पहिल्याच वेळी नीट म्हणता आलं.

काका गाडीवाल्यांकडे वळले. "तो खोका परत न्या. बाकीचे बावीस आहेत, ते घ्या." आणि आत जाऊन त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आम्ही निघालो तेव्हाही ते बाहेर आले नाहीत.

नऊ दिवसांनी ते पुण्याला गेले. निरोप द्यायला मी नवऱ्याबरोबर विमानतळावर गेले होते. ते त्याच्याशीच हवापाण्याबद्दल बोलले. डिसेंबरमध्ये लिलाव झाला. बावीस भांडी इतरांच्या भांड्यांबरोबर छापून आली, खाली लिहिलं होतं, 'एका खासगी संग्रहातून'.

त्या दुपारी घागर मी टोनिटाबाईंच्या पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवून दिली. त्यांनी तिला पट्टा लावला.

"फक्त पाणी भरू नका," मी म्हटलं. "आत प्लास्टर आहे, ते भिजून सांधे सुटतील."

"सुटणारच आहेत," त्या म्हणाल्या. "मला ही फोडायचीय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आमच्याकडे जुनं खापर कुटून नव्या मातीत घालतात. त्याशिवाय माती भाजताना तडकते. माझ्या आजीने तिच्या आजीचं घातलं. माझ्या आईने कुणाकुणाचं, मिळेल ते. माझ्या मातीत आजीची चिमूटसुद्धा नाही. पन्नास वर्षं मी परक्यांची खापरं कुटतेय." त्यांनी किल्ली फिरवली. "पण हिच्यात तुझा डिंक आहे. तो मातीत नको मला. शनिवारी ये आणि काढ."

मी पाच शनिवार गेले. त्यांच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली बसून मी माझं काम उलट्या क्रमाने केलं. जो सांधा सगळ्यांत शेवटी बसवला होता तो आधी सोडवला. चार महिन्यांचं काम पाच दिवसांत सुटलं. टोनिटाबाई अधूनमधून सुटलेला तुकडा उचलून जिभेला लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून तुझीच चव येतेय." मग मी तो पुन्हा ॲसिटोनमध्ये घालायची.

पाचव्या शनिवारी काकांचं पत्र माझ्या पिशवीत होतं. आदल्या दिवशीच आलं होतं. निळं आंतर्देशीय असावं तसं पातळ पाकीट, आत सात-आठ ओळी. प्रकृती बरी आहे. पुण्यात गर्दी फार झाली आहे. आणि शेवटी: 'घागर त्यांनी नीट ठेवली आहे ना? काचेच्या कपाटात ठेवावी, उन्हात नको. नलूला ती उभी बघायला मिळाली नाही. तू एकदा फोटो काढून पाठव.'

नववा तुकडा सुटला तेव्हा मी हात पुसले आणि पत्रातला मजकूर त्यांना सांगितला.

"काय लिहू मी त्यांना?"

टोनिटाबाई तुकडे एका जुन्या चादरीवर मांडत होत्या. "खरं लिही," त्या म्हणाल्या. "दुसरं काही तुला जमत नाही, मी बघितलंय. चहा होईपर्यंतसुद्धा राहवलं नाही तुला." मग त्यांनी चादरीची टोकं जुळवली. "आणि आता जा. पुढचं घरच्यांचं असतं."

मी गाडीत जाऊन बसले. दारं बंद केली नाहीत, उकडत होतं. पिशवीतून कागद काढला, मांडीवर वही घेतली आणि लिहायला सुरुवात केली. 'ती. काकांस, सा. न. वि. वि.' एवढं लिहून झालं तेव्हा आत अंगणात दगडावर पहिला घाव पडला.